बाबांनी पास केलेलं इंजिन

प्रिय बारक्या,

‘प्रिय’ लिहिलंय ते पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून. त्यातून दुसरा काही अर्थ काढू नकोस. तुझा मेसेज मिळाला. तुझ्या ऑफिसातल्या त्या गोड बोलणाऱ्या मुलीचाही फोन येऊन गेला. सरांच्या वडिलांच्या कोटाचं माप काय, त्यांना पायऱ्या चढता येतात का, फोटोसाठी चष्मा काढला तर चालेल का, असं तिनं मला विचारलं. मी तिला म्हटलं, सरांना स्वतःच्या बापाचं माप माहीत नाही का? तिच्यावर उगाच राग काढला, तिला सॉरी सांग. तुला नाही. नवी हायब्रिड एसयूव्ही बाजारात येणार, त्या दिवशी आपल्या कारखान्यात मोठा कार्यक्रम होणार, लाइनवरून उतरणाऱ्या पहिल्या गाडीत ‘इंजिन शॉपचे सर्वांत ज्येष्ठ कामगार’ म्हणून बाबांना बसवायचं, गाडी स्टेजपाशी थांबली की तू दार उघडायचंस आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. बाबा येतील की नाही, हो की नाही एवढं कळव, असं तू लिहिलंयस. कळवते. पण ते हो किंवा नाही एवढ्यात मावत नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतोस आणि मग माझ्या तोंडून भलतंसलतं जातं, म्हणून हे कागद. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी मला एक सांग, ते ‘इंजिन शॉपचे सर्वांत ज्येष्ठ कामगार’ कोणाच्या डोक्यातून आलं? इंजिन शॉप आहे कुठे आता? मागच्या वर्षीपासून त्याच्या दाराला कुलूप आहे. आतली यंत्रं उचलून नेली, जमिनीत नुसते बोल्ट राहिलेत, आणि जिथे सिलेंडर हेड बसवायचे तिथे आता रिकाम्या खोक्यांचा ढीग पडलाय. हे तुला मी कशाला सांगते? कुलूप तुझ्याच सहीनं लागलं. समितीत तुम्ही सहा-सात जण होता, हे मला ठाऊक आहे. दर वेळी तेच तोंडावर फेकतोस. पण त्या सहा-सात जणांत आपल्या कारखान्याचं इंजिन हाताळलेला, त्या इंजिनावर ज्याचं घर चाललं, शिक्षण झालं, असा एकच माणूस होता. बाकीच्यांनी सही केली तेव्हा त्यांनी कागदावर सही केली. तू कशावर केलीस, ते तुझं तुला माहीत.

तुझी कारणं मला पाठ आहेत, कारण तू ती मेलवर आकृत्यांसकट पाठवली होतीस, जणू मी तुझी परीक्षा घेणार होते. सात माणसं बसतील अशी घरगुती गाडी, तिला हायब्रिड करायचं म्हणजे इंजिनाच्या जोडीला मोटर आली, बॅटरी आली, वजन आलं. आपलं चार सिलेंडरचं इंजिन भक्कम, पण जड. त्याच्या शेजारी मोटर बसवायची तर पुढचा सगळा सांगाडा बदलावा लागतो. धुराचे नवे नियम पाळायला त्याचं डोकंच नव्यानं घडवावं लागलं असतं. उलट समुद्रापलीकडच्या त्या बंदराजवळच्या कारखान्यात तीन सिलेंडरचं छोटं टर्बो इंजिन आधीपासून बनतंय, दुसऱ्या गाड्यांत जातंय, हलकं आहे, पेट्रोल कमी पितं. गाडी हळू असताना मोटरच ओढते, तेव्हा इंजिनाला फार जोर लावावाच लागत नाही, मग चौथा सिलेंडर हवा कशाला? वाच, किती नीट समजलंय मला. एकही चूक काढून दाखव. मीही या लाइनवर केस पांढरे केलेत. तुझा हिशेब चुकलाय असं मी एकदाही म्हटलेलं नाही. तसं म्हणता आलं असतं तर मला फार सोपं गेलं असतं.

माझा राग वेगळा आहे. निर्णय घ्यायच्या आधी तू एकदा इथे यायला हवं होतंस. शॉपमध्ये उभं राहून, त्या माणसांच्या तोंडावर, असं असं आहे आणि तुमचं इंजिन आम्ही घेत नाही, असं सांगायला हवं होतंस. तू काय केलंस? एक व्हिडिओ पाठवलास. मागे झाडाची कुंडी, अंगात फिकट निळा शर्ट, आणि ‘बदलाच्या या प्रवासात आपण सगळे एकत्र आहोत’. कँटीनमधल्या मोठ्या पडद्यावर तो लावला होता. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, हा तुझाच भाऊ ना गं? मी नाही म्हटलं. आडनाव सारखं असलं म्हणून काय झालं, असं तोंड वर करून म्हटलं.

आता आमच्याकडे काय बनतं ते ऐक, म्हणजे भाषणात उपयोगी पडेल. इंजिन खोक्यांतून येतं. मोटर दुसऱ्या देशातून येते, बॅटरी तिसऱ्याच देशातून, आणि गिअरबॉक्स कुठून येतो ते तर खोक्यावरची लिपी वाचता येत नाही म्हणून आम्हाला कळतच नाही. मला त्यांनी खोकी उघडायच्या जागेवर टाकलंय. इंजिन बांधण्यात निम्मा जन्म काढला, आता मी इंजिनाचं प्लॅस्टिक फाडते, त्याच्या भोवतीचा फोम काढते आणि ते ट्रॉलीवर चढवते. पुढे गाडीचं धड वरून खाली येतं, इंजिन खालून वर जातं, पोरं बोल्ट आवळतात, की झाली गाडी. मागच्या काचेवर स्टिकर लागतो, ‘अभिमानानं इथेच घडवलेली’. तो चिकटवायच्या कामावरचा पोरगा खोडकर आहे, तो म्हणतो, ताई, या गाडीतलं इथलं म्हणाल तर हा स्टिकरच. खरं तर स्टिकरही बाहेरूनच छापून येतात, पण मी त्याला ते सांगितलं नाही.

शॉपमधल्या माणसांचं काय झालं, हे तू एकदाही विचारलेलं नाहीस, तरी सांगते. काहींना माझ्यासारखं असेंब्लीत सामावून घेतलं. बाकीच्यांच्या हातात पाकीट ठेवून तोंडाला पानं पुसली. फोरमनकाका आठवतात? तू पास झालास तेव्हा ज्यांनी तुला खांद्यावर घेऊन अख्ख्या कॉलनीत नाचवलं होतं, तेच. ते आता शाळेची व्हॅन चालवतात. चांगली चालवतात, पोरं त्यांना घाबरतात. रस्त्यात भेटले की तुझी चौकशी करतात. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही, असं ते म्हणतात. मला ते फार लागतं. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मीही त्यांत दोन मिसळून मोकळी झाले असते.

आता बाबांकडे येते. तुला वाटतं बाबांना सगळं माहीत आहे आणि ते तुझ्यावर रुसलेत, म्हणून फोनवर येत नाहीत. बाबांना आता ऐकूच येत नाही, बारक्या. कानातलं मशीनही चालत नाही. टेस्टिंगच्या खोलीत इंजिनं गरगरवत कान घालवले ते घालवले, उरलंसुरलं आई गेल्यानंतर गेलं. डोळ्यांचंही तेच, पेपरातली अक्षरं दिसत नाहीत. मी एक मोठी पाटी आणलीय, तिच्यावर खडूनं ठळक लिहिते, ते तोंडानं उत्तर देतात, आणि कान नसल्यामुळे इतक्या मोठ्यानं देतात की खालच्या मजल्यावरच्यांना आमच्या घरचं सगळं कळतं. कॉलनी सोडल्यापासून इथे त्यांना ओळखणारं कोणी नाही. तीन मजले उतरायला गुडघे तयार नाहीत. म्हणजे जगातली जी काही बातमी बाबांपर्यंत पोचते ती माझ्या खडूतून. तू त्यांना नोकरीत बढती मिळाल्याचं कळवलंस, तेही मीच लिहिलं होतं. तेव्हा त्यांनी मला ते पुसूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ‘जेवायला चला’ एवढं लिहायचं तर मला कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहावं लागलं.

मी कामावरून आले, चप्पल काढली की त्यांचा प्रश्न ठरलेला, “आज किती निघाली?” म्हणजे शॉपमधून आज किती इंजिनं बाहेर पडली. ते निवृत्त झाले तेव्हापासून हा प्रश्न रोज आहे. आणि मी रोज आकडा लिहिते. शॉप बंद झालं त्या संध्याकाळीही त्यांनी विचारलं. मी पाटी हातात घेतली, आणि आदल्या दिवशीचा आकडा लिहिला. त्यानंतर लिहीतच गेले. नुसता आकडा लिहून भागत नाही, हे तुला माहीत असेल, ते खोदून विचारतात. कमी लिहिला तर का कमी? मग वीज गेली होती, किंवा पिस्टन उशिरा आले. जास्त लिहिला तर त्यांना शंका येते की पोरं घाई करताहेत. मी एकदा लिहिलं की व्हॉल्व्हच्या जागेवर नवी मुलगी आलीय, हात चांगला आहे तिचा. आता त्या मुलीची चौकशी रोज होते. तिला सर्दी झाली होती मध्ये. तिचं लग्न ठरवू का, असं एकदा माझ्या मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घेतलं. फोरमनकाका भेटायला आले होते तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि हात जोडले. ते आत जाऊन बाबांशेजारी बसले आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत त्या मुलीचं कौतुक लिहून आले. बघ, परकी माणसं किती करतात.

तू म्हणशील, ताई, एवढं नाटक कशाला, सांगून टाकायचं. सांगितलं असतं. दोनदा पाटी घेऊन बसले होते. बाबा काही काचेचे नाहीत, आईला त्यांनी कसं पोचवलं ते आपण दोघांनी पाहिलंय. शॉप बंद झालं हे त्यांनी पचवलं असतं. दोन दिवस जेवले नसते, कंपनीला शिव्या घातल्या असत्या, आणि तिसऱ्या दिवशी चहा मागितला असता. पण त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. कोणी काम बिघडवलं की त्यांना आधी नाव लागायचं. कोणी केलं? कोणाच्या हातचं? हा प्रश्न आला असता आणि मला त्या पाटीवर तुझं नाव लिहावं लागलं असतं. माझ्याकडे दुसरं नाव नव्हतं. तेव्हा ते सगळे आकडे, ती सर्दी, ते उशिरा आलेले पिस्टन, बाबांसाठी रचले असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी तुला पाठीशी घालत होते. तुझ्यासाठी! ज्याचा चेहरा पडद्यावर दिसला तरी मला चीड येते त्याच्यासाठी. रोज संध्याकाळी, थकून आल्यावर. याचा मला किती संताप येतो, ते तुला या अक्षरांच्या आकारावरून कळत असेल.

शॉपची एक रीत तू विसरला असशील. इंजिन तयार झालं, टेस्टवर चालवून पाहिलं, कागदावर सगळे आकडे बरोबर आले, तरी ते तसंच पुढे जात नसे. ज्याच्या हातून ते निघालं त्यानं हातमोजा काढायचा, उघडा तळवा इंजिनाच्या डोक्यावर ठेवायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, आणि मनाला पटलं की लेकराला निजवताना थोपटतात तसं दोनदा थोपटायचं. मगच ते पास. हे कुठल्याही नियमात नव्हतं. साहेब लोक हसायचे. बाबांनी ते आम्हाला सगळ्यांना लावलं, आणि आपल्यालाही लहानपणी कॉलनीतल्या उभ्या गाड्यांवर हात ठेवून, डोळे मिटून, कुठलं इंजिन ते ओळखायला लावायचे. तू प्रत्येक वेळी चुकायचास आणि चिडून घरी निघून जायचास. मी एकदाही चुकले नाही. तरी इंजिनिअर तू झालास आणि मी लाइनवर उभी राहिले. एका वेळी एकालाच शिकवता येईल, आणि तू मुलगा, असं ठरलं. मी तेव्हा काही बोलले नाही, आताही तुझ्याकडे काही मागत नाही, पण तुला त्याची आठवण असावी एवढं मात्र मला वाटतं.

गेल्या महिन्यात कंपनीनं चाचणीपुरत्या बांधलेल्या नव्या गाड्या आळीपाळीनं कामगारांच्या घरी पाठवल्या. सुट्टीचे दोन दिवस चालवा, काय खटकतं ते सांगा. माझी पाळी आली. मी गाडी घेऊन घरी आले तेव्हा माझ्या मनात एक ठरलेलं होतं. तुझ्यापासून लपवत नाही. मला वाटलं, मी काही लिहिणार नाही, बाबांना खाली आणीन, त्यांचा हात बॉनेटवर ठेवीन. त्यांचा हात त्यांना सांगेल. हे आपलं नाही, हे तीनाचं आहे, हे त्यांना आपोआप कळेल, आणि मग जे व्हायचं ते होईल, पण माझ्या खडूनं नाही. भित्रेपणा म्हण. ते प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाकून बसत बसत उतरले. अंगात इस्त्रीचा शर्ट घातला होता, गाडी बघायला.

मी गाडी चालू केली. तुला माहीतच आहे, चालू केली तरी आवाज नाही, थरथर नाही, नुसता पुढे हिरवा दिवा. बाबांनी तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघून गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले, “बंद पडलीये की तुझी गाडी! आणताना ढकलत आणलीस का?” पोरं गोळा झाली. मी पाटीवर लिहिलं, आत्ता मोटर आहे, गरज लागली की इंजिन येईल. त्यांनी नाक मुरडलं. इंजिन काय पाहुणा आहे का, वाटेल तेव्हा यायला, म्हणाले. पण हात काढला नाही. मी एसी पूर्ण सोडला, सगळे दिवे लावले, बॅटरी उतरायची वाट पाहत सीटवर बसून राहिले. आणि मग ते सुरू झालं.

मी काचेतून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले. तीन सिलेंडरची ती बारीक थरथर मला स्टिअरिंगवरही कळत होती, कोणालाही कळली असती. मी वाट पाहत राहिले की आता कपाळाला आठी पडेल, आता हात मागे घेतील. आठी पडली नाही. उलट तोंडावर असं काही आलं, जे आई गेल्यापासून मला दिसलेलं नव्हतं. आणि त्यांनी बॉनेटवर दोनदा थोपटलं. तुझं इंजिन पास केलं त्यांनी, बारक्या. “आपलंच आहे,” म्हणाले. “पोरांनी काय गुळगुळीत बांधलंय. आमच्या वेळी इतकं जमलं नव्हतं.” शेजाऱ्यांना, वॉचमनला, गोळा झालेल्या पोरांना, सगळ्यांना हात धरून सांगितलं की हे आमच्या शॉपचं. ज्या हाताला मी आयुष्यभर मानलं तो हात चुकला. वय झालं, बोटं बधिर झालीत, डॉक्टर म्हणतात तसं असेल. किंवा तुझं इंजिन खरोखरच तेवढं चांगलं असेल. मी ते दोन दिवस चालवलं, आणि चढावर, भरलेल्या गाडीत, मलाही त्यात खोट काढता आली नाही. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते तुला सांगणार नाही. नीट वाचून घे, माझ्याकडून ते पुन्हा मिळणार नाही.

वर जाताना दुसऱ्या मजल्यावर ते खुर्चीत टेकले, धाप लागली होती, आणि मला जवळ बोलावून त्यांच्या मते अगदी हळू, म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाले, “त्यानं घेतलं बघ आपलं इंजिन.” मला आधी कळलंच नाही. मग ते सांगत सुटले. नव्या गाडीत कुठलं इंजिन घालायचं, गाडी कुठे बांधायची, हे ठरवणाऱ्या समितीत तू आहेस, हे तूच त्यांना आईच्या दिवसांना आला होतास तेव्हा सांगितलं होतंस. तेव्हापासून त्यांच्या मनात धास्ती होती, आणि त्यांनी ती मला कधी कळू दिली नाही. म्हणून रोजचा तो आकडा. शॉप चालू आहे ना, एवढंच ते माझ्याकडून काढून घेत होते. आता त्यांची खात्री झालीय की बाकीचे सगळे बाहेरचं इंजिन आणा म्हणत असतील आणि तू एकटा त्यांच्याशी भांडला असशील. बढाई नको म्हणून तू घरी काही बोलला नाहीस, असाच आहे तो लहानपणापासून, म्हणाले. तू! लहानपणापासून! मी पाटी उलटी करून पोटाशी धरली आणि त्यांना हात देऊन वर नेलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, बाबा येणार आहेत. तुझ्या त्या मुलीच्या फोनच्या आधीच, मी पाटीवर कार्यक्रमाचं लिहिलं तेव्हापासून येणार आहेत, तू बोलावलं नसतंस तरी आले असते. पहिल्या गाडीत बसतील, स्टेजपाशी उतरतील, आणि नंतर त्यांना माइक हवाय. त्यांनी भाषण पाठ केलंय, मला दोनदा म्हणून दाखवलं. साहेबांसमोर आणि शॉपच्या सगळ्या माणसांसमोर त्यांना सांगायचंय की माझ्या मुलानं आपल्या माणसांना विकलं नाही. पुढच्या रांगेत ती सगळी माणसं बसलेली असतील, फोरमनकाकासुद्धा, कारण तुम्हीच त्यांना निमंत्रणं पाठवलीत. तिथे कोणीतरी हसेल किंवा रडेल, आणि बाबांना ऐकू येत नसलं तरी माणसांची तोंडं अजून दिसतात. ते होऊ द्यायचं नाही, म्हणून हे पत्र लिहिलं, नाहीतर तुझ्याशी बोलायची मला अजिबात हौस नव्हती. तू कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरी ये. एकटा ये, कॅमेरा नको, ती मुलगी नको. त्यांच्यासमोर बस आणि स्वतःच्या हातानं लिहून सांग, इंजिन कुठलं, शॉपचं काय झालं, सही कोणाची. त्यांना ते इंजिन आवडलं होतं हेही लिही, वाटल्यास तिथूनच सुरुवात कर, तेवढी सवलत घे. मी त्या दिवशी जादा पाळी मागून घेतलीय, घरी असणार नाही. मी असले तर ते माझ्याकडे बघतील आणि मी तुला पुन्हा वाचवीन. दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. त्यांना मी एवढंच लिहून दाखवलंय की तू आदल्या दिवशी येतोयस आणि तुला त्यांना काहीतरी सांगायचंय. तेव्हापासून उठता-बसता मला विचारताहेत, चांगलीच बातमी असेल ना? उत्तरासाठी पाटी मी तुझ्यासाठी पुसून ठेवलीय.

तुझीच, सुटका नाही म्हणून,
ताई